कोरलवरचे किडे डिप केल्यावरही परत का येतात? झोआ, लेदर, मशरूम ठेवणाऱ्यांसाठी

रीफ_टिळकवाडी :
नमस्कार मंडळी. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी पट्ट्यात घरच्या खाऱ्या पाण्याच्या टँकसाठी कोरल (प्रवाळ) येतं ते बहुतेक मुंबई नाहीतर बेंगळुरूहून, रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या डिकीतून. सकाळी थर्माकोलचा डबा हातात पडतो, पिशवी तरंगवायची, दहा मिनिटं डिप करायचं (किडे पाडायच्या औषधाच्या पाण्यात बुडवायचं) आणि कोरल टँकमध्ये. महिन्याभरानं झोआ (चटईसारखं पसरणारं, फुलांसारखं दिसणारं कोरल) मिटून बसतात आणि मग विचारणा सुरू होते, "डिप केलं होतं, तरी किडे आले कुठून?"

अंड्यांतून आले. डिपनं किडा पडतो, अंडी पडत नाहीत. अंड्यांभोवती जेलीचं आवरण असतं, औषध दहा-पंधरा मिनिटांत त्याच्या आत जात नाही. म्हणून डिप हे एका दिवसाचं काम नव्हे. अंडी हातानं खरवडायची, उरलेली फुटेपर्यंत थांबायचं, फुटून निघालेली पिल्लं मोठी होऊन परत अंडी घालायच्या आत पुन्हा डिप करायचं. या धाग्यात पुढं जे काही लिहू ते सगळं याच हिशेबावर.

आधी कायद्याचं बोलून घेऊ. अ‍ॅक्रोपोरा, मॉन्टिपोरा, युफिलियासारखे सगळे दगडी कोरल, सी फॅन, ऑर्गन पाइप, फायर कोरल हे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहेत. मालवण, कारवार, नेत्राणी कुठूनही काढलेला तुकडा घरी ठेवणं गुन्हा आहे. परदेशी म्हणून विकलं जातं त्यालाही आयातीचे कागद लागतात, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर सायटीसच्या (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) यादीतल्या जिवंत प्राण्यांची नोंदणीही. त्यामुळं इथं झोएंथिड म्हणजे झोआ, त्यांच्याच जातकुळीतलं पॅलिथोआ, आणि मशरूम, लेदर ही मऊ कोरल एवढ्यांचंच बोलू. या भागातल्या टँकमध्ये तेच जास्त आहेत.

आता कोण कोण येतं ते बघा.

झोआ खाणारी नुडिब्रँच (बिनशंखाची समुद्री गोगलगाय). अर्धा ते दीड सेंटिमीटर. ज्या झोआ खाते त्यांचाच रंग तिच्या पाठीवरच्या बोंडांत उतरतो, त्यामुळं हिरव्या कॉलनीवर हिरवी, केशरीवर केशरी दिसते. दिवसा देठांच्या बुडाशी किंवा प्लगखाली (कोरल चिकटवलेल्या छोट्या चकतीखाली) दडते, रात्री खाते. अंडी पांढरट, जिलेबीच्या वेढ्यासारखी गोल फिरवलेली, देठाला नाहीतर प्लगच्या पाठीला चिकटलेली.

सनडायल गोगलगाय. चपटा गोल शंख, कडेनं काळ्या-पांढऱ्या किंवा तपकिरी चौकड्यांची रांग. हीसुद्धा झोआच खाते. डिपमध्ये टाकली की झाकण लावून आत बसते आणि औषधाचा वेळ संपला की बाहेर येते. तिच्यावर उपाय चिमट्यानं उचलणं, दुसरा नाही.

वामिनोआ. मशरूम आणि लेदरवर दिसणारे तपकिरी लंबगोल चपटे कृमी, मागच्या टोकाला छोटी खाच. दोन-चार असतील तर कोरल काही दाखवत नाही, गर्दी झाली की मशरूम आकसतं.

लाल चपटे कृमी, म्हणजे कन्व्होल्युट्रिलोबा. गंजाच्या रंगाचे, दोन ते पाच मिलिमीटर, मागं तीन शेपट्या. हे कोरल खात नाहीत. कोरलवर पसरून उजेड अडवतात, आणि हजारोंनी एकदम मेले तर त्यांच्या अंगातलं विष पाण्यात उतरतं. यांचं वेगळं लिहावं लागेल.

लेदरवर ट्रिटोनिओप्सिस नावाची नुडिब्रँच येते. लेदरच्याच फिक्या रंगाची, बोटाच्या पेराएवढी होते, देठाच्या बुडाला चिकटते. लेदरच्या देठावर ओरखडल्यासारखे खड्डे दिसले तर छत्री उलटून खाली बघा.

आणि ज्यांना मारायचं नाही ते : ब्रिसल वर्म (केसाळ कृमी), अ‍ॅम्फिपॉड आणि कोपेपॉड (कोळंबीच्या जातीचे बारीक जीव), छोटे ब्रिटल स्टार (तारामाशासारखे जीव). मेलेल्या झोआवर ब्रिसल वर्म दिसतो म्हणून त्यानंच मारलं असा आळ येतो. तो मेलेलं मांस साफ करायला आलेला असतो.

निपाणी_नॅनो :
उपयोगी धागा दादा. माझा प्रश्न ओळखण्याचा आहे. टँकमध्ये चार प्रकारच्या झोआ आहेत. एकच कॉलनी आठवडाभर अर्धी मिटलेली, बाकीच्या पूर्ण उघड्या. हे किड्याचं लक्षण की पाण्याचं? लगेच डिप करू का?

रीफ_टिळकवाडी :
एकच कॉलनी मिटली आणि शेजारच्या उघड्या असतील तर संशय त्या कॉलनीवरच घ्यायचा. सगळ्याच एकदम मिटल्या तर आधी पाणी तपासा : क्षारता ३५ पीपीटी (हजार भागांत ३५ भाग मीठ) म्हणजे विशिष्ट गुरुत्व १.०२५-१.०२६, तापमान २५-२६, अल्कलिनिटी ८-९ डीकेएच (ती मोजायचं एकक). क्षारता मोजताना रिफ्रॅक्टोमीटर ३५ पीपीटीच्या द्रावणानं कॅलिब्रेट करा. नुसत्या आरओ पाण्यावर शून्य दाखवलं म्हणजे वर ३५ ला बरोबरच दाखवेल असं नाही.

डिपच्या आधी एक रात्र बघा. दिवे बंद झाल्यावर दोन तासांनी लाल उजेडाची टॉर्च घ्या, पांढऱ्या उजेडात किडे आत सरकतात. देठांच्या बुडाशी, प्लगच्या कडेला, सावलीच्या बाजूला बघा. शिवाय बघा की मिटलेली कॉलनी प्रवाहाच्या थेट मार्‍यात आहे का, हर्मिट क्रॅब किंवा मोठी गोगलगाय रोज वरून चालते का, शेजारच्या कोरलचे तंतू पोचतात का. यातलं काही असेल तर डिपनं कोरलला उगाच ताण. देठ कुरतडलेले, पॉलिपचं (कॉलनीतल्या एकेका फुलाचं) तोंड गायब, मधेच एखादा पॉलिप पूर्ण नाहीसा, हे दिसलं तर मात्र किडा आहे असं धरून कामाला लागा.

खारंपाणी_शहापूर :
डिपची पद्धत मी लिहितो. औषध कुठलंही असो, मांडणी हीच ठेवा.

पांढऱ्या रंगाचे तीन डबे, प्रत्येकी दोन लिटरचे. आइस्क्रीमचे रिकामे चालतात. पांढरेच घ्या, कारण खाली काय पडलं ते दिसलं पाहिजे. पहिल्यात औषध, दुसऱ्यात आणि तिसऱ्यात धुण्याचं पाणी. तिन्हींत टँकचंच पाणी. डिपनंतर कोरल मेलं अशा ज्या तक्रारी येतात त्यात लई वेळा औषधाचा दोष नसतो. डब्यातलं पाणी २१ अंशांवर उतरलेलं असतं किंवा नवीन कालवलेल्या मिठाची क्षारता चुकलेली असते. थंडीत डबा कोमट पाण्याच्या परातीत ठेवून २५ वर धरा.

पिशवी तरंगवायची ती फक्त तापमानासाठी, १५-२० मिनिटं. थेंब थेंब पाणी सोडत तासभर बसू नका. रात्रभराच्या प्रवासात पिशवीत कार्बन डायऑक्साइड साठून पीएच उतरलेला असतो आणि अमोनिया सौम्य रूपात असतो. पिशवी उघडली की पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी रूपात येतो. उघडली की कोरल बाहेर, पिशवीतलं पाणी मोरीत.

लुगोल आयोडीन ५ टक्के : एका लिटरला १० थेंब म्हणजे अर्धा मिली, १० मिनिटं. पहिल्यांदा डिप होणाऱ्या कोरलला ७-८ मिनिटं पुरे. थेंब ड्रॉपरप्रमाणे बदलतात, म्हणून १ मिलीची साधी सिरिंज घ्या. घरात इन्सुलिनची असेल तर वरच्या खुणा नीट बघा : ४० युनिटवालीत अर्धा मिली म्हणजे २० युनिट, १०० युनिटवालीत ५०. इथं चूक झाली तर डोस अडीच पट होतो.

कोरल औषधात असताना गप्प बसायचं नाही. ५० मिलीच्या सिरिंजनं, सुई न लावता, देठांच्या मधे जोरानं पाणी मारत राहा. आयोडीननं किड्याची पकड सैल होते, पाडायचं काम पाण्याच्या फवार्‍याचं. वेळ संपली की दुसऱ्या डब्यात धुवायचं, तिथंही फवारा, मग तिसर्‍यात. आता भिंग घेऊन अंडी शोधा. मऊ टूथब्रश आणि टोकदार चिमटा. प्लगच्या पाठीवरची खरवडण्यापेक्षा प्लगच कापून टाका आणि झोआची चटई नव्या प्लगवर चिकटवा, जेल सुपरग्लूनं. जुन्या प्लगच्या भोकात जी अंडी असतात ती कितीही घासलं तरी निघत नाहीत.

आयोडीनचा पिवळसर रंग फिका पडत गेला तर औषध संपत आलंय. कोरलची लाळ आणि घाण त्याला खाते. दोन-तीन फ्रॅग (कोरलचे छोटे तुकडे) झाले की पाणी टाका आणि नवीन करा. डिपचं पाणी टँकमध्ये परत एक थेंबही नको.

चिकोडी_टँक :
दोन गोष्टी विचारतो. ५ टक्के लुगोल मेडिकलमध्ये मिळत नाही. त्याऐवजी बेटाडिन चालेल का? आणि अमेरिकेतले लोक बागेच्या कीटकनाशकात डिप करतात, त्यात इमिडाक्लोप्रिड असतं. ते तर आमच्याकडं शेतीसाठी घरोघरी आहे, तंबाखूला, भाजीला मारतात. तेच थोडं वापरलं तर?

खारंपाणी_शहापूर :
इमिडाक्लोप्रिड वापरू नका. त्या परदेशी बाटलीत ते एक टक्क्याहून कमी असतं. आपल्याकडं कृषी केंद्रात मिळतं ते १७.८ टक्के एसएल (पाण्यात मिसळणारं द्रावण). तिकडच्या मापानं चमचाभर टाकलं तर वीस पटीहून जास्त जाईल. शिवाय त्यात द्रावण टिकवायला जे घातलेलं असतं ते कोरलवर चालतं का याची खात्री कुणीच दिलेली नाही. कोरलच्या लाळेत अडकून त्यातलं जे टँकमध्ये पोचेल ते कोळंबी, खेकडे, कोपेपॉड यांना मारायला पुरेसं आहे. उघड्या हातानं, स्वयंपाकघराच्या ओट्यावर हे काम होणार, घरात लहान मुलं असणार. नकोच.

बेटाडिनचं उत्तर हो, पण बाटली वाचून. 'सोल्युशन' हवं. 'स्क्रब'मध्ये साबण असतो, गुळण्यांच्या औषधात इतर गोष्टी, दोन्ही बाद. १० टक्के पोव्हिडोन आयोडीन म्हणजे उपलब्ध आयोडीन १ टक्का. लुगोलच्या अर्ध्या मिलीइतकं आयोडीन यायला लिटरला अडीच मिली लागतं. बाटली ५ टक्क्यांची असेल तर ५ मिली. वेळ तीच, १० मिनिटं.

प्रयोगशाळेच्या दुकानातून लुगोल आणलं तर टक्केवारी विचारा. १०० मिलीत ५ ग्रॅम आयोडीन आणि १० ग्रॅम पोटॅशियम आयोडाइड हे आपलं. कॉलेजच्या लॅबमधलं ग्रॅम आयोडीन ३०० मिलीत १ ग्रॅमचं असतं, म्हणजे पंधरा पट पातळ. त्यात १० थेंबांनी काहीच होत नाही आणि माणूस समजतो की डिप केलं.

खानापूर_झोआ :
दादांनी आयोडीन लिहिलं, मी हायड्रोजन पेरॉक्साइडचं लिहिते, कारण त्यातही टक्केवारीचा घोळ आहे. परदेशी कृतींत ३ टक्के धरलेलं असतं. आपल्या मेडिकलमध्ये '२० व्हॉल्यूम' लिहिलेली बाटली मिळते, ती साधारण ६ टक्के. ३ टक्केवालं असेल तर १०० मिली आणि टँकचं पाणी ९०० मिली, ६ टक्केवालं असेल तर ५० मिली आणि पाणी ९५०. वेळ ५ मिनिटं. हे फक्त झोआ आणि पॅलिथोआसाठी. लेदर आणि झेनियाला (हेही एक मऊ कोरल) अजिबात नाही. याचा खरा उपयोग देठांमधलं केसाळ शेवाळ मारायला होतो. शेवाळ गेलं की नुडिब्रँचला लपायची जागा जाते आणि अंडी नजरेला पडतात. नुडिब्रँच मारायला मात्र मी आयोडीनच धरते. टँकमध्ये पेपरमिंट किंवा क्लीनर कोळंबी असेल तर पेरॉक्साइडमधून काढलेलं कोरल दोन पाण्यांत धुऊनच आत न्या, त्यांना ते सोसत नाही.

आता जे सगळ्यात आधी लिहायला हवं होतं ते. झोआ आणि विशेषतः पॅलिथोआमध्ये पॅलिटॉक्सिन असतं. फार तीव्र विष आहे. कापताना, खरवडताना, फवारा मारताना ते उडतं.

नायट्राइल हातमोजे आणि डोळ्यांना चारी बाजूंनी बंद सेफ्टी गॉगल, दोन्ही. नुसता चष्मा किंवा उन्हाचा गॉगल चालणार नाही. हातावर जखम असेल तर त्या दिवशी काम नको. कापायचं ते पाण्याखाली, डब्यात. कोरड्या दगडावर घासू नका. आणि किडे मारायचे म्हणून पॅलिथोआचा दगड उकळू नका, त्यावर गरम पाणी ओतू नका, मायक्रोवेव्हमध्ये ठेवू नका, प्रेशर पाइपनं धुऊ नका. वाफेबरोबर आणि तुषारांबरोबर विष फुफ्फुसात जातं. २०१८ मध्ये इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डशायरला टँक साफ करताना अख्खं कुटुंब आणि त्यांच्या मदतीला आलेले अग्निशमनवाले रुग्णालयात गेले होते.

तोंडात कडवट, धातूसारखी चव, खोकला, ताप, छाती भरून येणं, अंग दुखणं, डोळे चुरचुरणं यातलं काही झालं तर मोकळ्या हवेत या आणि थेट मोठ्या दवाखान्यात जा. तिथं "फिश टँक साफ करत होतो" एवढंच सांगून भागणार नाही, 'पॅलिटॉक्सिन' हा शब्द कागदावर लिहून द्या. साध्या सर्दी-तापावर निभावून नेलं तर वेळ हातची जाते.

खरवडलेलं, कापलेलं, जुने प्लग हे सगळं एक भाग घरगुती ब्लीच आणि नऊ भाग पाणी यात अर्धा तास बुडवून मग कचर्‍यात. ब्लीचमध्ये पेरॉक्साइड, अ‍ॅसिड, संडास साफ करायचं औषध मिसळू नका. डबे, ब्रश, चिमटे याच पाण्यातून काढा आणि ते परत स्वयंपाकघरात नेऊ नका.

निपाणी_नॅनो :
ताई, गॉगलचं ठाऊक नव्हतं, आजच आणतो. गोड्या पाण्याच्या डिपबद्दल काय मत? औषधच नको, आरओ पाण्यात पाच मिनिटं ठेवलं की किडे फुगून पडतात असं ऐकलंय.

खानापूर_झोआ :
पडतात, खरं आहे. पण पाच मिनिटं फार झाली. झोआ आणि टणक मशरूम एक मिनिटापर्यंत सोसतात, तेही पाणी २५ अंशांवर आणि चिमूटभर खाण्याच्या सोड्यानं पीएच ८ च्या वर आणून. झेनिया त्यात वितळतं, लेदर आठवडाभर तोंड उघडत नाही. अंड्यांवर याचाही परिणाम नाही.

खारंपाणी_शहापूर :
माझं मत थोडं वेगळं आहे ताई. चपट्या कृमींवर गोडं पाणी आयोडीनपेक्षा जास्त चालतं, ते सेकंदांत सुटतात. मशरूमच्या रॉकवर वामिनोआ असतील तर मी ४०-४५ सेकंद गोडं पाणी आणि फवारा हेच सांगेन, आयोडीन नंतर. नुडिब्रँचसाठी मात्र तुमचं बरोबर, ती देठाला आवळून बसते आणि मिनिट काढते.

रीफ_टिळकवाडी :
दोघांचं जुळवून घेतो : मशरूमवर चपटे कृमी असतील तर मिनिटाच्या आत गोडं पाणी, झोआवर नुडिब्रँच असेल तर आयोडीन, लेदरवर फक्त आयोडीन. आरओ पाण्याचा टीडीएस शून्य बघून घ्या. बेळगावात नळाला राकसकोप आणि हिडकलचं पाणी येतं, क्लोरीन असतंच, ते थेट डिपला वापरू नका. बोअरचं तर नकोच.

आता क्वारंटाइन, म्हणजे नवं कोरल काही दिवस वेगळ्या टँकमध्ये ठेवणं. डिप कितीही चांगलं केलं तरी त्याच्याशिवाय ते अर्धंच राहतं.

१८ × १२ × १२ इंची टँक, भरून ४० लिटरच्या आत. तळाला वाळू नाही, रॉक नाही. पिकलेला (उपयोगी जिवाणू बसलेला) स्पंज फिल्टर, ५० वॅटचा हीटर, एक छोटा वेव्हमेकर (पाणी हलवणारा पंप), साधा एलईडी. फ्रॅग ठेवायला एग क्रेटचा (प्लास्टिकच्या चौकोनी जाळीचा) तुकडा, तळापासून तीन इंच वर, म्हणजे खाली पडलेलं दिसतं आणि सायफननं ओढता येतं. पाण्याची पातळी मार्करनं बाहेरून आखून ठेवा आणि रोज आरओ पाणी भरून तिथं आणा. एवढ्या लहान टँकमध्ये दोन दिवस दुर्लक्ष झालं की क्षारता चढते. आठवड्याला मोठ्या टँकचं १० लिटर पाणी इकडं, इकडचं मोरीत. उलटं कधीच नाही. चिमटा, सिरिंज, नळी यांना लाल टेप लावा, ती तिथंच राहतील.

वेळापत्रक : आल्या दिवशी डिप आणि नवा प्लग. प्रवासात फारच लाळ सोडलेलं, लुळं पडलेलं कोरल असेल तर एक रात्र क्वारंटाइनमध्ये विसावू द्या, डिप दुसऱ्या दिवशी. त्यानंतर दर सहाव्या दिवशी डिप, कमीत कमी पाच वेळा. अंडी साधारण आठवड्याभरात फुटतात आणि पिल्लू लगेच अंडी घालत नाही. त्या फटीत आपलं डिप पडलं पाहिजे. १०-१२ दिवसांचं अंतर ठेवलं तर ती फट हुकते आणि नवी अंडी तयार. शेवटच्या दोन डिपमध्ये पांढऱ्या डब्यात काहीही पडलं नाही आणि भिंगात अंडी दिसली नाहीत तरच कोरल मोठ्या टँकमध्ये. शेवटच्या डिपला एक जरी किडा पडला तरी मोजणी पहिल्यापासून.

इथल्या हवेमुळं एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. डिसेंबर-जानेवारीत बेळगावात रात्री पारा १५ च्या आसपास जातो. हीटर नसलेला ४० लिटरचा टँक पहाटे २० वर येतो. थंड पाण्यात अंडी फुटायला जास्त दिवस घेतात. पाच डिप संपतात आणि अंडी तशीच राहतात. क्वारंटाइनचं पाणी २६ वर स्थिर ठेवायचं ते कोरलसाठी तर आहेच, पण मुख्य म्हणजे अंडी आपल्या हिशेबात फुटावीत म्हणून. पावसाळ्यात लाइट गेल्यावर कामाला येईल असा बॅटरीवरचा एअर पंप जवळ असू द्या.

चिकोडी_टँक :
हे नव्या कोरलचं झालं. किडे मोठ्या टँकमध्ये आधीच शिरले असतील तर? रॉकला तर डिप करता येत नाही.

खानापूर_झोआ :
झोआची नुडिब्रँच झोआच खाते. तिचं खाणं काढून घेतलं की ती उरत नाही. सगळ्या झोआ आणि पॅलिथोआ एकही पॉलिप न सोडता बाहेर काढून क्वारंटाइनमध्ये न्यायच्या आणि मोठा टँक सहा आठवडे झोआशिवाय ठेवायचा. रॉकवर पसरलेली कॉलनी असेल तर तो रॉकच उचला. उचलता येत नसेल तर छिन्नीनं वरचा पापुद्रा काढा, गॉगल घालून, पंप बंद ठेवून, आणि उडालेले तुकडे त्याच वेळी सायफन करून. एका फटीत चार पॉलिप राहिले की सहा आठवडे फुकट जातात.

मेलॅनुरस रास मासा पिल्लं वेचून खातो, मदत होते. पण त्याला झोपायला दोन इंच वाळू आणि २०० लिटरचा तरी टँक लागतो, वर घट्ट जाळी लागते. नॅनोमध्ये आणू नका. माशाच्या भरवशावर डिपची मोजणी सोडू नका, प्लगखालची अंडी तो खात नाही.

रीफ_टिळकवाडी :
लाल चपट्या कृमींचं राहिलं होतं. यांना टँकमध्ये औषध देऊन मारता येतं, चपट्या कृमींची तयार औषधं मिळतात. पण मासे मरतात ते औषधानं नव्हे, मेलेल्या कृमींच्या विषानं. म्हणून आधी संख्या खाली आणायची. एअरलाइनची पातळ नळी, बादली खाली जमिनीवर, आणि काचेवरचे, वाळूवरचे, रॉकवरचे कृमी रोज ओढायचे. ओढलेलं पाणी टाकून द्या, नवीन खारं पाणी भरा. काचेवर शोधावे लागतील इतके कमी झाले की मगच औषध.

औषधाची मात्रा खऱ्या पाण्यावर ठरवा. ३६ × १८ × १८ इंची टँक कागदावर १९१ लिटर होतो. वरची मोकळी जागा, वाळू, रॉक वजा करता १५०-१६० उरतं, त्यात सम्पचं (टँकला जोडलेल्या फिल्टरच्या टाकीचं) पाणी मिळवा. लेबलवरची मात्रा त्या आकड्याला. औषध घालायच्या आधी ३० टक्के नवीन खारं पाणी कालवून, २६ अंशांवर, तयार असलं पाहिजे. नंतर कालवायला वेळ मिळत नाही. कार्बन (पाणी शुद्ध करायचा कोळसा) आणि यूव्ही दिवा बंद, एअर पंप जोरात, वेव्हमेकर चालू. मरून पाण्यात तरंगणारे कृमी जाळीनं, नळीनं लगेच काढत राहा. लेबलवरची वेळ झाली की ताजा कार्बन, १०० लिटरला १०० ग्रॅमच्या हिशेबानं, आरओ पाण्यात धुऊन, आणि तयार ठेवलेलं पाणी बदला. मासे वरती येऊन तोंड मारायला लागले तर वेळ संपायची वाट बघू नका, कार्बन आणि पाणी त्याच क्षणी. एक आठवड्यानं दुसरी मात्रा.

आणि खाणं कमी करा, प्रवाह वाढवा. हे कृमी उजेड असलेल्या, पाणी न हलणाऱ्या जागी वाढतात. तो कोपरा तसाच राहिला तर औषधानंतरही तिथूनच परत सुरू होतात.

चिकोडी_टँक :
डिपचं आणि औषधाचं पाणी कुठं टाकायचं? आमच्याकडं मागं विहीर आहे.

खारंपाणी_शहापूर :
आयोडीनचं पाणी घरातल्या मोरीतून गटारीत गेलं तर चालतं. विहिरीजवळ, झाडांच्या बुडात नको, मिठानंच झाडं जातील. जिवंत किडे, गोगलगायी, कोरलचे तुकडे ब्लीचच्या पाण्यातून काढल्याशिवाय कुठंही नको. गोव्याला चाललोय तर समुद्रात सोडतो असं करू नका, ते जीव आपल्या किनार्‍याचे नसतात.

निपाणी_नॅनो :
शेवटचं विचारतो. रात्री लाल टॉर्चनं बघितलं, देठाशी एक नुडिब्रँच आणि अंड्यांचा एक वेढा सापडला. पहिलं डिप या रविवारी केलं तर तिसरं गणपतीत येतं आणि तेव्हा आम्ही पाच दिवस गावी. मधे एखादं डिप पुढं ढकललं तर चालेल?

रीफ_टिळकवाडी :
पुढं ढकलू नका, अलीकडं ओढा. निघायच्या आदल्या दिवशी डिप करा, मग ते चौथ्या दिवशी आलं तरी हरकत नाही, फक्त वेळ ७ मिनिटांवर आणा. परत आल्यावर त्याच संध्याकाळी पुढचं. म्हणजे मधलं अंतर सहा दिवसांच्या वर जात नाही. जाताना क्वारंटाइनला झाकण घाला म्हणजे बाष्प कमी उडेल, पाण्याची पातळी रेघेपेक्षा अर्धा सेंटिमीटर वर ठेवा आणि शेजार्‍यांना खाणं घालायला सांगू नका, झोआला पाच दिवस उजेडावर काढता येतात. शेजार्‍यांकडं एकच काम द्या : हीटरचा दिवा आणि एअर पंपाचा बुडबुडा दिवसातून एकदा बघायचा. आणि तो सापडलेला वेढा रविवारपर्यंत ठेवू नका. आजच हातमोजे, गॉगल घालून चिमट्यानं काढा, नुडिब्रँच सिरिंजनं ओढा. बाकीच्या तीन कॉलन्यांचे प्लगही रविवारी उलटून बघा की, त्या उघड्या आहेत म्हणून सोडू नका.